बोर्ड चांगला होता

माझी सून घरी एमडीएफच्या पाट्या रंगवते. दारावर लावायच्या नावाच्या पाट्या, चाव्या अडकवायच्या फळ्या, देवापुढे मांडायच्या रांगोळीच्या गोल चकत्या. कापलेल्या पाट्या नागपूरहून येतात. दुपारचं जेवण झालं की ती पडवीत जुनी वर्तमानपत्रं पसरून बसते आणि संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांना रंग असतो. अमरावतीच्या आमच्या वस्तीतल्या बायका सणासुदीला तिच्याकडून पाट्या घेऊन जातात. मागच्या दिवाळीच्या आधी एके दिवशी ती एक पाटी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, वरून कशी काचेवानी झाली पाहा. पन या कडा काहून अशा खरबडीत राह्यतात? तीन हात मारले."

मी चाळीस वर्षं रंगाचं आणि पॉलिशचं काम केलं. आता डोळे आणि गुडघे दोन्ही साथ देत नाहीत म्हणून बंद आहे, पण एवढं तर सांगता येतं. एमडीएफ म्हणजे गोंद घालून दाबलेला लाकडाचा भुगा. दाबताना त्याच्या दोन्ही अंगांना घट्ट, गुळगुळीत कातडी धरते. पण करवत फिरली की आतलं अंग उघडं पडतं आणि ते तहानलेलं असतं. रंग लावला की रंग पितं. ओल लागली की ओल पितं आणि फुगतं. म्हणून आधी कडांना सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा पातळ लेप, पाजायचा, वाळू द्यायचा, बारीक पॉलिश पेपरनं घासायचं आणि पुन्हा पाजायचा. घरच्या कामाला सीलर नसला तर सुतारी गोंद पाण्यात सैल करून बोटानं चोळला तरी चालतो. कडेवरून नख फिरवावं. ते कुठे अडकलं नाही म्हणजे झालं. मग प्रायमर आणि मग रंग.

हे मी तिला दाखवलं. एक कड स्वतः घासून दिली. मग म्हणालो, "आन मागच्या बाजूलेबी तेवढेच हात मार. नाई तं पाटी वाकते."

"मागून?" ती हसली. "मागून कोन पाह्यते, बाबा?"

तिनं ते सहज विचारलं. पाणी प्यायच्या निमित्तानं मी आत जाऊन पलंगावर बसलो. सात वर्षांपूर्वी याच शहरात एका घराच्या गच्चीवर मी स्वतःशी हेच म्हणालो होतो. त्यामुळे माझ्या साळ्याचा, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या भावाचा, हातातला धंदा गेला. त्या घरातल्या कपाटांचा बोर्ड, म्हणजे हाच एमडीएफ, कच्चा होता असं चार लोकांसमोर सांगितलं गेलं. सांगणारा मी होतो. बोर्ड चांगला होता. ज्याच्यासाठी हे वेळेवर बोलायला हवं होतं त्याला आता त्याचा उपयोग नाही, तरीही लिहून ठेवतो.

माझा साळा अकोल्याचा. बापापासून सुतारकाम. खाटा, चौकटी, दारं करत करत तो नव्या पद्धतीच्या फर्निचरवर आला आणि त्यात त्याचं नाव झालं ते बोर्ड ओळखण्यावरून. दुकानात गेला की तो बोटाच्या पेरानं बोर्ड ठोकायचा आणि मान तिरपी करून आवाज ऐकायचा. मग एक कोपरा उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा. मग दुकानदाराला एक तुकडा कापायला लावून ताज्या कडेचा वास घ्यायचा. शेवटी त्या कडेवर पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि हाताची घडी घालून उभा राहायचा. थेंब लगेच आत गेला आणि तिथं टेंगूळ आलं की बोर्ड परत. कड जशीच्या तशी राहिली की "बांधा". दुकानदार वैतागत, पण त्याच्या गळ्यात खराब माल मारायची कोणाची छाती नव्हती. अकोल्यातले दुसरे मिस्त्री मोठं काम असलं की त्याला दुकानात सोबत घेऊन जात.

अमरावतीत एका नव्या वस्तीत कॉलेजात शिकवणाऱ्या एका मॅडमचं घर बांधून झालं होतं. रंगाचं काम माझ्याकडे आलं. चांगला मिस्त्री आहे का म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी साळ्याचं नाव सांगितलं. स्वयंपाकघर, तीन कपाटं, टीव्हीचं युनिट, एवढं सगळं. अमरावतीतलं हे त्याचं पहिलं मोठं काम. त्या गल्लीत आणखी पाच-सहा घरं उभी राहत होती आणि त्यांचे मालक रोज संध्याकाळी येऊन मॅडमचं घर पाहून जात. हे काम नीट उतरलं असतं तर तो इथेच पाय रोवून उभा राहिला असता. तो ते बोलून दाखवायचा.

दोन महिने तो आमच्या घरी राहिला. माझ्या बायकोला माहेरच घरी आल्यासारखं झालं होतं. आम्ही दोघं एकत्र जेवायला बसायचो.

"भाऊजी, मेहनत माही आन लोक म्हनतात रंग पाहा, रंग पाहा," तो म्हणायचा. "माहं सारं काम तुमच्या रंगाखाली झाकून जाते."

"मंग उघडं ठेवू का?"

"नका ठेवू बापा! उघडं पाह्यलं तं मॅडम दोघायलेबी हाकलून देतीन."

बोर्ड घ्यायला मी त्याच्यासोबत दुकानात होतो. हे मुद्दाम लिहितो आहे. त्यानं थेंब टाकला तो मी पाहिला. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेऊन परत आलो, तेव्हा थेंब वाळत आला होता आणि कड नखाएवढीही उचललेली नव्हती. त्यानं माझ्याकडे पाहून भुवई उडवली होती.

पुढे अधिक महिना येणार असल्यामुळे मॅडमना अक्षय तृतीयेचाच मुहूर्त हवा होता. साळ्यानं सगळे शटर, म्हणजे कपाटांची दारं, कापून घासून माझ्या हवाली केले आणि तो चार दिवस अकोल्याला घरी गेला. मी गच्चीवर ताडपत्री बांधून रंगाला लागलो. एप्रिलचं ऊन. स्प्रे गनमधून निघालेला रंग बोर्डावर पोचेपर्यंत अर्धा वाळून जायचा आणि पृष्ठभागाला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडायचे. पुन्हा घासायचं, पुन्हा मारायचं. त्यातच मी वरूडच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याचा बंगला रंगवायला होकार देऊन बसलो होतो. त्याचे रोज फोन.

पुष्कळ वर्षं मी मनातल्या मनात सगळं मुहूर्तावर ढकललं. मुहूर्त होता हे खरं. पण सगळ्या कडांना आणि मागच्या बाजूंना नीट सीलर पाजायला आणखी दीड दिवस लागला असता. तो दीड दिवस मी वरूडला दिला. दर्शनी बाजू मी मन लावून केली. वरच्या आणि बाजूच्या कडांना सीलरचा एक हात दिला. खालच्या कडांवर आणि मागच्या बाजूला मात्र सरळ रंगाचा एक पातळ हात मारून मोकळा झालो. शटर भिंतीकडे तोंड करून उभे होते. मागून कोण पाहतं, असं मी म्हणालो आणि गन धुवायला घेतली. एकदा रंग चढला की खाली सीलर आहे की नाही हे कोणालाच दिसत नाही. मला स्वतःलाही दिसलं नसतं.

साळा परत आला आणि शटर बसवू लागला. बिजागरीचे स्क्रू पिळता पिळता त्यानं विचारलं, "भाऊजी, खालच्या कडा पाजल्या ना?"

"पाजल्या."

"मागून?"

"झालं सारं. आता तू मले शिकवतं का?"

"नाई बापा. तुमाले काय शिकवू," तो म्हणाला आणि हसत पुढचा स्क्रू उचलला.

वास्तुपूजा थाटात झाली. आलेला प्रत्येक माणूस कपाटावरून हात फिरवून जात होता.

आमच्याकडे मे महिन्यात कूलरवाचून राहता येत नाही. खिडकीत मोठा लोखंडी कूलर, त्यात दिवसातून दोनदा पाणी, आणि दिवसरात्र ओला वारा थेट खोलीत. मी जन्मापासून इथलाच आहे. कपाटासमोर खिडकी होती, खिडकीत कूलरची चौकट बसवलेली होती, आणि ती मी रंगवली होती. तरी माझ्या डोक्यात ते आलं नाही, की आलं आणि मी बाजूला सारलं, हे आता मलाही ठरवता येत नाही.

महिन्याभरात मॅडमचा फोन आला. साळा अकोल्याहून सकाळच्या बसनं आला. आम्ही दोघं गेलो तेव्हा घरात मॅडम होत्या, त्यांचे मिस्टर होते आणि गल्लीतले दोन घरमालक होते. त्या दोघांची कामं आता सुरू व्हायची होती. कपाटाच्या शटरांच्या खालच्या कडा भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या फुगल्या होत्या. रंगाला कडेनं भेगा गेल्या होत्या. दोन शटर वाकले होते आणि बंद होत नव्हते. मी खाली बसून एका कडेला बोट लावलं. तेवढ्यानं मला सगळं कळलं.

"मला एवढंच सांगा," मॅडम म्हणाल्या, "चूक बोर्डाची आहे की रंगाची?"

साळा अजून वाकून पाहत होता. तो उठायच्या आत मी बोललो.

"रंग बरोबर आहे मॅडम. वर पाहा ना, कुठे उडालाय का? बोर्ड कच्चा निघाला."

तो हळूहळू उभा राहिला. "मी पाहून आनला होता," तो म्हणाला. त्यांना नाही, मला. "भाऊजी, तुमी होते ना संगं."

"होतो. पन वरून काय समजते? चांगल्या चांगल्याची नजर चुकते."

घरमालकांपैकी एक जण म्हणाला, "मिस्त्री, अकोल्यात असाच माल खपवता काय?" दुसरा हसला.

साळ्याच्या खिशात पटाशी होती. खालची कड दोन ठिकाणी खरवडली असती तर तिथं सीलर नाही हे त्याला लगेच दिसलं असतं. त्यानं पटाशीला हात लावला नाही. आमच्यात जावयाचा शब्द चारचौघांत खोडत नाहीत. सासरे वारले होते, घरातला कर्ता तोच होता, आणि बहिणीच्या नवऱ्याला परक्या घरात खोटं पाडणं त्याच्यानं होणार नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि मी त्याच भरवशावर बोललो होतो. तो गप्प राहिला, तेव्हा मी असं धरून चाललो की त्याला खरं काय ते कळलं आहे आणि माझा मान ठेवून त्यानं गिळलं आहे. या समजुतीचा मला पुढे फार आधार झाला. त्याला माहीत आहे, त्यानं माफ केलं आहे, मग आता बोलून काय करायचं, असं मी म्हणायचो.

त्यानं सगळे खराब शटर पुन्हा करून दिले. या वेळी बोर्ड मॅडमच्या मिस्टरांनी स्वतः जाऊन दुसऱ्या दुकानातून आणला. साळा दुकानात गेलासुद्धा नाही. रंग मीच मारला, आणि या वेळी सगळ्या कडांना दोनदा सीलर पाजला, मागची बाजूही तशीच केली. ते शटर टिकले. कूलर तसाच चालू होता आणि ते हललेसुद्धा नाहीत. सगळ्यांची खात्री पटली. गल्लीतली पुढची तीन घरं मी रंगवली. सुतार वेगळे होते.

त्या वर्षी जेठ महिना अधिक होता. सासुरवाडीहून धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. आम्ही अकोल्याला गेलो. मला पाटावर बसवलं. साळ्यानं परातीत माझे पाय घेतले आणि तांब्यानं पाणी घालून धुतले. त्याच्या नखांत लाकडाचा भुगा होता. त्याची बायको मागं तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि दिवा घेऊन उभी होती. माझी बायको भावाकडे पाहत होती, डोळ्यांत पाणी आणून.

"भाऊजी, टाचेले केवढ्या भेगा!" तो म्हणाला. "सीलरचे दोन हात मारून देऊ का?"

सगळे हसले. मीही हसलो. मग त्यानं नव्या टॉवेलनं माझे पाय पुसले आणि त्यावर डोकं ठेवलं.

त्यानंतर त्याचं जे झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. लग्नात, बारशात कोणीतरी सांगायचं. अकोल्यात एका वकिलाच्या घराच्या कामासाठी तो चार वेळा दुकानातून हात हलवत परत आला. पाचव्या वेळी दुकानदार म्हणाला, "मिस्त्री, तुमी बोर्ड घ्याले आले का पोरगी पाह्याले?" ही गोष्ट आमच्या नातेवाइकांत गमतीनं सांगितली जायची. मी ती दोनदा ऐकली आणि दोन्ही वेळा हसलो. मग त्याची बायको एकदा माझ्या बायकोला म्हणाली की घरात पाणी भरलेली घमेली मांडली आहेत, त्यात बोर्डाचे तुकडे भिजवून हे दिवसभर बसून राहतात. मग कळलं की त्यानं वकिलाचं काम सोडलं. मग दुसरी कामंही घेईनासा झाला. दीड वर्षानं कळलं की तो एका पिठाच्या गिरणीवर बसतो, गिरणी दुसऱ्याची आहे.

"काय झालं माह्या भावाले?" ही विचारायची. "कोनाची नजर लागली?"

"कामाचं टेन्शन राह्यते," मी म्हणायचो.

सुनेनं पाटीबद्दल विचारलं त्यानंतर चार महिने मी काही बोललो नाही. ती पाट्या दोन्ही बाजूंनी रंगवू लागली होती. त्या वाळत घातलेल्या दिसल्या की मी तोंड फिरवायचो. फाल्गुनात एका सकाळी बायको तुरीची डाळ निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "त्यानं पाय धुतले तवा मालूम होतं तुमाले?"

"होतं."

तिनं सुपातले चार खडे काढून बाजूला ठेवले.

"मले काहून सांगता? त्या बाईच्या घरी सांगितलं होतं ना चार लोकायमंदी? तिथी जा पयले. मंग माह्या भावाकडे जा. मी येत नाई."

मी त्या घरी गेलो. मॅडम निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी मला ओळखलं, बसवलं, चहा केला. मी म्हणालो, तुमच्या कपाटांचा बोर्ड चांगला होता, मी कडांना सीलर लावला नव्हता, चूक माझी होती आणि मी मिस्त्रीवर ढकलली.

"कोणतं कपाट हो, काका?" त्या म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. "अहो, ते तर मुलाच्या लग्नात काढून टाकलं. आता सगळं रेडिमेड आहे." त्या उठून मला नवं कपाट दाखवू लागल्या. मी विचारलं, त्या दिवशी दोघं शेजारी होते ते कुठे आहेत. एक मुलाकडे पुण्याला गेला आहे, एक वारला. "आणि ते मिस्त्री कोण होते?" त्यांनी विचारलं. "मला तर चेहराही आठवत नाही." मी उठलो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या हो, एवढं मनाला लावून घेऊ नका."

त्यांचा स्वर खरंच मायेचा होता. त्यांचं काही गेलंच नव्हतं, तर त्या माझ्यावर रागावणार कशाला?

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं एकदा वाटलं. दुपारी पोचलो. गिरणी एका अरुंद गल्लीत आहे. तो भुवयांपर्यंत पांढरा झाला होता. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, पण माझ्याहून म्हातारा दिसला.

"या भाऊजी! ताई नाई आली?"

"नाई. तुह्याशी बोलाचं होतं."

"मोठ्यानं बोला, पट्टा चालू हाय!"

बाकावर एक बाई गव्हाचा डबा ठेवून उभी होती. मी सात वर्षं जे मनात कुजबुजलो होतो ते ओरडून सांगावं लागलं. "बोर्ड चांगला होता!"

"कोनता बोर्ड?"

"मॅडमच्या घरचा! मी कडा पाजल्या नोत्या!"

त्यानं हात लांब करून बटण दाबलं. पट्टा मंदावला. जातं थांबायला बराच वेळ लागला.

"एक हात बी नाई?"

"वरच्या कडायले एक. खाली नाई. मागून नाई."

"मी विचारलं होतं तुमाले."

"हो."

"तुमी म्हनले, पाजल्या."

"हो." मग मला राहवलं नाही. "मले वाटलं तुले मालूम हाय. माहा मान ठेवून गप्प राह्यला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "मले कसं मालूम राहीन?" तो म्हणाला. "तुमी मले खोटं सांगसान, असं माह्या मनात काहून येईन?"

माझा सात वर्षांचा आधार तिथं गेला. त्यानं गिळलं वगैरे काही नव्हतं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी सांगितलं की त्याची नजर चुकली, आणि त्यानं ते खरं मानलं.

"मॅडमच्या साहेबानं आनलेला बोर्ड टिकला ना," तो सांगू लागला. "ज्याले बोर्डातलं काई समजत नाई त्या मानसानं आनला आन टिकला. माहा फुगला. मंग मी घरी तुकडे भिजू भिजू पाह्यले. आज चांगला वाटला तो उद्या खराब वाटे. ठोकून पाह्यलं तं आवाज समजेना. दुकानात उभा राहो तं 'बांधा' म्हनता येईना. बायकोले म्हनलं, वय झालं. पन्नाशी नोती आली माही. पन्नाशीच्या आत कोनाचं वय होते का, भाऊजी?"

मी म्हणालो, "तुही नजर बरोबर होती. तो थेंब मी पाह्यला होता. पुन्हा काम धर. मी स्वतः बसून कडा पाजतो. बसल्या जागी होते मले तेवढं."

"हत्यारं देऊन टाकली."

"नवी घेऊ."

"हत्याराचं नाई म्हनून राह्यलो मी."

बाई मघापासून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. "अवो दादा," ती म्हणाली, "माहं दळन होईन का आज?"

"होते ना माय, होते." त्यानं बटण दाबलं, गहू वरच्या पेटीत ओतले आणि खाली डबा लावला. आवाज पुन्हा सुरू झाला. मी रिकाम्या पोत्यावर बसलो. पीठ पडू लागलं तशी त्यानं त्यातली चिमूट घेतली आणि अंगठ्यानं बोटावर चोळली. कोणताही गिरणीवाला करतो तसं. पण त्याचा अंगठा थांबेना. तो चोळत राहिला, मग ती चिमूट डोळ्यांजवळ नेली, मग हात बाईपुढे केला.

"तुमीच पाहा, बाई," तो ओरडून म्हणाला. "बारीक हाय का जाड, मले नाई सांगता येत."

बाईला हे नवीन नसावं. तिनं डब्यात बोट घातलं आणि जाड आहे म्हणून मान हलवली. त्यानं जातं थोडं आवळलं, पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा तिच्यापुढे धरली. मी त्याला खरं सांगून अर्धा तास झाला होता.

डबा भरल्यावर तो कपड्यानं हात पुसत माझ्याजवळ आला आणि गल्लीच्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "आता निंगाल तं पाचची बस भेटीन तुमाले, भाऊजी."